घरच्या घरी व्हॉल्व्हचा गिटार अ‍ॅम्प: पाच वॉटचा चॅम्प हाताने बांधताना

गिटार बनवणाऱ्या फेंडर कंपनीच्या चॅम्प अ‍ॅम्पचं ५एफ१ हे सर्किट कागदावर काढलं तर वहीच्या एका पानात मावतं. तीन व्हॉल्व्ह (जुन्या रेडिओत असायच्या तशा काचेच्या नळ्या), दोन ट्रान्सफॉर्मर, डझनभर रेझिस्टर, सहा कपॅसिटर आणि आवाजाचा एक नॉब. बस्स. कॅलिफोर्नियातल्या फुलर्टन गावी १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धात हे सर्किट विद्यार्थ्यांसाठीच्या स्वस्त अ‍ॅम्पमध्ये बसवलं जात होतं. नावातला ५ म्हणजे पन्नासचं दशक, एफ म्हणजे सहावी सुधारणा आणि १ म्हणजे चॅम्प मॉडेल.

पहिला अ‍ॅम्प बांधणाऱ्या प्रत्येकाला मी हेच सर्किट सुचवतो. बुटीक अ‍ॅम्प म्हटलं की महागडे कपॅसिटर आणि जुने दुर्मिळ व्हॉल्व्ह डोळ्यांसमोर येतात. पण ऐंशीच्या दशकात ट्रेनरेकच्या केन फिशरने किंवा अलेक्झांडर डंबलने जे अ‍ॅम्प बांधले, ते हाताने, मोजकेच आणि प्रत्येक वायर कुठून कशी जाईल याचा विचार करून बांधले. हा विचार तुमच्या टेबलावरही करता येतो. चॅम्पमध्ये लपायला जागाच नाही. वायर चुकीची गेली तर लगेच ऐकू येतं, आणि म्हणूनच यात शिकायला मिळतं.

आधी जिवाची गोष्ट

या अ‍ॅम्पच्या आत ३०० ते ४५० व्होल्ट डीसी असतं. घरातल्या २३० व्होल्टच्या सॉकेटपेक्षा हे वाईट, कारण प्लग काढला तरी फिल्टर कपॅसिटरमध्ये ते साठून राहतं. ज्याने कधी मेनवर चालणारं काही बांधलेलं नाही, त्याने आधी एखादा बारा व्होल्टचा पॉवर सप्लाय किंवा गिटारचे दोन-तीन पेडल बांधावेत आणि मग इकडे यावं.

घरातल्या सॉकेटला खरोखर अर्थिंग आहे का, हे वायरमनकडून तपासून घ्या. जुन्या घरांत तिसरं भोक नुसतं शोभेला असतं. अनेक ठिकाणी फेज आणि न्यूट्रलही उलटे जोडलेले असतात, म्हणून अ‍ॅम्पला दोन्ही तारा तोडणारा डबल पोल स्विच लावा. घराच्या बोर्डात ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (गळती होताच वीज तोडणारा स्विच) नसेल तर हे निमित्त साधून बसवून घ्या. मात्र ट्रान्सफॉर्मरच्या पलीकडच्या हाय व्होल्टेजचा धक्का बसला तर तो आरसीसीबी तुम्हाला वाचवणार नाही, हेही लक्षात ठेवा.

मोजमाप करताना मल्टिमीटरची काळी पिन मगरचिमट्याने चॅसिसला लावायची, लाल पिन उजव्या हातात आणि डावा हात खिशात. पायात रबरी चप्पल. घरात कोणीतरी असताना काम करायचं. अंगठी, कडं, घड्याळ काढून ठेवायचं.

पहिल्या फिल्टर कपॅसिटरवर २२० किलोओहम, २ वॉटचा रेझिस्टर कायमचा जोडून टाका. अ‍ॅम्प बंद केल्यावर सगळे फिल्टर मिळून साधारण ४० मायक्रोफॅरडमधला चार्ज हा रेझिस्टर मिनिटभरात उतरवतो. तरीही हात घालण्याआधी दर वेळी मीटरने मोजा. सोल्डर सुटला तर तो रेझिस्टर असून नसल्यासारखा.

सर्किट वाचायला शिका

व्हॉल्व्हच्या आत कॅथोड इलेक्ट्रॉन सोडतो, प्लेट ते गोळा करते आणि मधला ग्रिड त्यांचा ओघ कमी-जास्त करतो. गिटारचा सिग्नल ६८ किलोओहममधून १२एएक्स७ या पहिल्या व्हॉल्व्हच्या (याच्या एकाच काचेत दोन भाग असतात) पहिल्या भागाच्या ग्रिडवर जातो. ग्रिडपासून ग्राउंडला १ मेगओहम. प्लेटवर १०० किलोओहम, कॅथोडला १.५ किलोओहम. वाढलेला सिग्नल ०.०२२ मायक्रोफॅरडच्या कपॅसिटरमधून व्हॉल्यूम पॉटला (आवाजाच्या नॉबला), तिथून त्याच व्हॉल्व्हच्या दुसऱ्या भागाला. तिथेही १०० किलोओहम आणि १.५ किलोओहम. पुन्हा ०.०२२, मग ६व्ही६ या पॉवर व्हॉल्व्हचा ग्रिड, आणि त्याला ग्राउंडशी जोडणारा २२० किलोओहम. ६व्ही६ च्या कॅथोडला ४७० ओहम आणि त्याच्या जोडीला २५ मायक्रोफॅरड. स्पीकरवरून थोडा सिग्नल २२ किलोओहममधून दुसऱ्या भागाच्या कॅथोडला परत येतो. याला निगेटिव्ह फीडबॅक म्हणतात. मूळ अ‍ॅम्पला दोन इनपुट होते. एकच ठेवला तरी काही बिघडत नाही.

पॉवरची बाजू अशी: ट्रान्सफॉर्मर, ५वाय३ रेक्टिफायर (एसीचं डीसी करणारा व्हॉल्व्ह), १६ मायक्रोफॅरड, १० किलोओहम, ८ मायक्रोफॅरड, २२ किलोओहम, पुन्हा ८ मायक्रोफॅरड. पहिल्या टप्प्यावरून आउटपुट ट्रान्सफॉर्मर, दुसऱ्यावरून ६व्ही६ चा स्क्रीन (त्याचा दुसरा ग्रिड), तिसऱ्यावरून १२एएक्स७. पुढे जाल तसं डीसी जास्त स्वच्छ होत जातं, कारण सगळ्यात नाजूक सिग्नल तिथे असतो.

माझ्या दोन सुधारणा मी दर वेळी करतो: ६व्ही६ च्या ग्रिडला सॉकेटवरच १.५ किलोओहम आणि स्क्रीनला ४७० ओहम, २ वॉट. मूळ अ‍ॅम्पमध्ये हे नव्हते, पण यामुळे अ‍ॅम्प शिट्टी मारायला धजत नाही आणि व्हॉल्व्ह जास्त टिकतो.

हे सर्किट छापील चित्र न बघता स्वतःच्या हाताने तीनदा काढा. तिसऱ्यांदा न अडखळता काढता आलं की सामान आणायला निघा.

सामान कुठून आणि कसं

मुंबईत लॅमिंग्टन रोड, पुण्यात बुधवार पेठेत पासोड्या विठोबाच्या आसपासची दुकानं. रेझिस्टर, टॅग स्ट्रिप, वायर, फ्यूज होल्डर, स्विच हे सगळं इथे मिळून जातं. व्हॉल्व्ह मात्र बहुधा मागवावे लागतात. आज नवे व्हॉल्व्ह स्लोव्हाकिया, रशिया आणि चीनमध्ये बनतात. आपल्याकडे बंगळुरूच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सनेही एकेकाळी रेडिओचे व्हॉल्व्ह बनवले होते, आणि ते जुन्या रेडिओवाल्यांकडे किंवा मुंबईच्या चोर बाजारात अजून हाती लागतात. १२एएक्स७ ला तिथे ईसीसी८३ म्हणून विचारा, व्हॉल्व्ह तोच.

तुमच्या गावात व्हॉल्व्हचे रेडिओ दुरुस्त करणारे कोणी काका अजून असतील तर त्यांच्याकडे दोन-चार संध्याकाळी जाऊन बसा. सोल्डर किती वेळ धरायचा आणि कुठला व्हॉल्व्ह आतून थकलाय, हे त्यांच्या हातांना ठाऊक असतं.

जुन्या रेडिओबद्दल एक कळकळीची सूचना. काही रेडिओ एसी-डीसी प्रकारचे असायचे. त्यांत पॉवर ट्रान्सफॉर्मर नसतो, चॅसिस थेट मेनच्या एका तारेला जोडलेलं असतं, आणि व्हॉल्व्हची नावं यूसीएल, यूएल, यूवाय अशी 'यू'ने सुरू होतात. असा रेडिओ गिटार अ‍ॅम्प म्हणून कधीही वापरू नका. गिटारची तार म्हणजे सरळ फेज हातात. यावर दुसरं मत नाही.

काही सुटे भाग निवडताना सांभाळायच्या गोष्टी:

- फिल्टर कपॅसिटर ५०० व्होल्टचेच घ्या. ५वाय३ काही सेकंदांत तापतो, पण बाकीच्या व्हॉल्व्हना करंट खेचायला दहा-वीस सेकंद लागतात. तेवढ्या वेळात ३००-०-३०० चा ट्रान्सफॉर्मर ४२४ व्होल्टपर्यंत चढतो. मेन २५० असेल तर ४६० च्या पुढे. ४५० चा कपॅसिटर तिथे रोज थोडा थोडा मरतो.
- पहिला कपॅसिटर १६ किंवा २२ मायक्रोफॅरडपेक्षा मोठा नको. ५वाय३ ला त्याहून मोठा झटका झेपत नाही.
- सिग्नलचे ०.०२२ चे कपॅसिटर ६३० व्होल्टचे, पॉलिस्टर किंवा पॉलिप्रॉपिलीन. महागड्या ब्रँडवर पैसे घालू नका. तेच पैसे ट्रान्सफॉर्मरवर घाला.
- ६व्ही६ च्या कॅथोडचा ४७० ओहम ५ वॉटचा, १० किलोओहम २ वॉटचा.
- वायर ६०० व्होल्ट इन्सुलेशनची. टेफ्लॉन उत्तम, सोल्डरच्या उष्णतेने वितळत नाही.

ट्रान्सफॉर्मर: इथे घाई नको

अमेरिकेतून आणलेल्या किटमधला ट्रान्सफॉर्मर बहुधा ११७ किंवा १२० व्होल्टचा असतो. आपल्याकडे लावला तर पहिल्याच मिनिटाला जळेल. पॉवर ट्रान्सफॉर्मरचा प्रायमरी २३० व्होल्ट, ५० हर्ट्झचा हवा, आणि जमल्यास २५० चा टॅपही मागा, कारण रात्री उशिरा अनेक भागांत मेन चढतं. सेकंडरी: ३००-०-३०० व्होल्ट ८० मिलिअँपिअर, ५ व्होल्ट २ अँपिअर, ६.३ व्होल्ट २ अँपिअर. मूळ चॅम्पमध्ये ३२५-०-३२५ होतं. मी मुद्दाम ३०० सांगतो आहे. आजचं मेन, आजचे व्हॉल्व्ह आणि घरातल्या खोलीत वाजवायचा अ‍ॅम्प, यांना ते जास्त मानवतं.

वाइंडिंगवाल्याकडून आउटपुट ट्रान्सफॉर्मर करून घेणार असाल तर एक गोष्ट नीट समजावून सांगा. चॅम्पमध्ये एकच पॉवर व्हॉल्व्ह असतो, त्यामुळे प्रायमरीतून सतत ४० मिलिअँपिअरच्या आसपास डीसी वाहतं. त्याने लोखंड चुंबकीयदृष्ट्या भरून जातं. ते टाळायला कोअरमध्ये फट ठेवतात. म्हणजे सगळ्या ई पट्ट्या एका बाजूने, सगळ्या आय पट्ट्या दुसऱ्या बाजूने, आणि मध्ये पातळ कागद. नेहमीच्या ट्रान्सफॉर्मरमध्ये पट्ट्या एकाआड एक उलटसुलट घालतात. कारागिराच्या हाताला तीच सवय असते, आणि 'फट कशाला?' असं तो विचारेल. कारण सांगितलं की तो नीट करून देतो. फट नसलेला ट्रान्सफॉर्मर लावला तर खालचे सूर गुदमरतात.

५ किलोओहम ते ८ ओहम म्हणजे वेढ्यांचं प्रमाण २५ ला १. तपासायला सोपं आहे: एखाद्या छोट्या ट्रान्सफॉर्मरचं १२ व्होल्ट एसी प्रायमरीला द्या, सेकंडरीवर ०.४८ च्या आसपास यायला हवं. जुन्या ईएल८४ वाल्या रेडिओचा चांगल्या अवस्थेतला आउटपुट ट्रान्सफॉर्मरही पहिल्या अ‍ॅम्पला चालून जातो. त्याची सेकंडरी बहुधा ३ ते ५ ओहमची असते, त्यामुळे ४ ओहमचा स्पीकर लावा.

८ ओहमचा स्पीकर वापरणार असाल तर फीडबॅकचा २२ किलोओहम बदलून ३३ करा. मूळ मूल्य ४ ओहमच्या जवळपासच्या स्पीकरसाठी होतं. ८ ओहमवर तेवढ्याच वॉटला व्होल्टेज १.४ पट असतं.

चॅसिस

१६ गेज अ‍ॅल्युमिनियम, म्हणजे १.६ मिलिमीटर. फॅब्रिकेशनवाल्याकडून तीन बाजू वाकवून घ्या. अ‍ॅल्युमिनियमला साध्या स्टेप ड्रिलने भोकं पडतात. ऑक्टल (आठ पिनच्या) सॉकेटला साधारण २८ ते ३०, नऊ पिनच्या सॉकेटला १९ ते २२, जॅकला ९.५ मिलिमीटर. सॉकेट हातात आल्याशिवाय भोक पाडू नका. कंपनीगणिक फरक पडतो.

एका टोकाला मेन, पॉवर ट्रान्सफॉर्मर आणि ५वाय३. मध्ये ६व्ही६. दुसऱ्या टोकाला १२एएक्स७ आणि इनपुट जॅक. सिग्नल एका दिशेने वाहील आणि परत फिरणार नाही, हा एवढाच नियम. आउटपुट ट्रान्सफॉर्मरचा कोअर पॉवर ट्रान्सफॉर्मरशी काटकोनात.

नेमकी जागा ठरवायची एक युक्ती मला फार आवडते. भोकं पाडण्याआधी पॉवर ट्रान्सफॉर्मर चॅसिसवर नुसता ठेवा, त्याच्या सेकंडरीच्या सगळ्या तारा वेगवेगळ्या टेपने नीट बंद करा आणि प्रायमरीला मेन द्या. आउटपुट ट्रान्सफॉर्मरच्या सेकंडरीला हेडफोन जोडा, तो कानाला लावा आणि आउटपुट ट्रान्सफॉर्मर हळूहळू फिरवा, सरकवा. गुणगुण वाढते, कमी होते आणि एका ठिकाणी जवळजवळ नाहीशी होते. तिथे पेन्सिलने खूण करा. पाच मिनिटांचं काम, पण नंतर कुठल्याही कपॅसिटरने जाणार नाही असा हम इथेच संपतो.

अर्थची तार मेन सॉकेटजवळ स्वतःच्या वेगळ्या बोल्टवर, दातेरी वॉशर आणि दोन नट लावून. ट्रान्सफॉर्मरच्या बोल्टवर ती बसवू नका. ट्रान्सफॉर्मर कधी काढला तर ती सैल राहून जाते.

बोर्ड आणि वायरिंग

हायलमची (वीज न वाहणाऱ्या कडक लॅमिनेटची) ३ मिलिमीटरची शीट घ्या, त्यात पितळी आयलेट किंवा टरेट (तारा सोल्डर करायचे छोटे खांब) ठोका. तेही नको असेल तर साध्या टॅग स्ट्रिपवर हा अ‍ॅम्प छान बांधता येतो. जुने रेडिओ तसेच बांधलेले असायचे. छापील सर्किट बोर्डाने अ‍ॅम्प वाईट होतो असं नाही, पण पुढे बदल करून ऐकायचं असेल तर टरेटवर पार्ट काढणं-घालणं खूप सोपं पडतं.

क्रम असा ठेवा.

पहिल्यांदा मेन. फेज आधी फ्यूजला, मग स्विचला, मग ट्रान्सफॉर्मरला. फ्यूज ५०० मिलिअँपिअर, स्लो ब्लो.

मग हीटर, म्हणजे व्हॉल्व्हला आतून तापवणारी तार. ६.३ व्होल्टच्या दोन तारांना घट्ट पीळ द्या आणि चॅसिसच्या कोपऱ्याला चिकटवून न्या. ६व्ही६ ला पिन २ आणि ७. १२एएक्स७ ला पिन ४ आणि ५ एकत्र जोडून एक तार, पिन ९ ला दुसरी. दोन्ही तारांपासून १००-१०० ओहम घेऊन ते मध्ये जोडा. हा मधला बिंदू ग्राउंडला न जोडता ६व्ही६ च्या कॅथोडला जोडलात तर हीटर सुमारे १८ व्होल्ट वर उचलला जातो आणि हम आणखी कमी होतो. ट्रान्सफॉर्मरला ६.३ चा सेंटर टॅप असेल तर हे दोन रेझिस्टर नकोत, तो टॅपच वापरा. ५वाय३ चे ५ व्होल्ट पिन २ आणि ८ ला. त्याच पिन ८ वरून हाय व्होल्टेज निघतं, म्हणून या दोन तारांनाही हाय व्होल्टेजचाच मान द्या. हाय व्होल्टेजच्या सेकंडरीची दोन टोकं पिन ४ आणि ६ ला.

पिन मोजताना सॉकेट खालून पाहायचा, म्हणजे सोल्डर करतो त्या बाजूने, आणि घड्याळाच्या दिशेने मोजायचं. अर्ध्याहून जास्त चुका इथे होतात. ६व्ही६: प्लेट ३, स्क्रीन ४, ग्रिड ५, कॅथोड ८. पिन ६ रिकामी, तिथे स्क्रीनचा रेझिस्टर टेकवता येतो. १२एएक्स७: प्लेट १ आणि ६, ग्रिड २ आणि ७, कॅथोड ३ आणि ८.

आता ग्राउंड, या सगळ्या कामातला माझ्या मते सर्वांत महत्त्वाचा भाग. पॉवर ट्रान्सफॉर्मरचा सेंटर टॅप आधी थेट पहिल्या फिल्टर कपॅसिटरच्या वजा टोकाला. तिथून एक तार चॅसिसला. ६व्ही६ चा कॅथोड रेझिस्टर, त्याचा कपॅसिटर आणि दुसरा फिल्टर याच गटात. १२एएक्स७ चं सगळं, पॉट आणि तिसरा फिल्टर मात्र वेगळ्या गटात, आणि त्याची जागा इनपुट जॅकजवळ. सेंटर टॅप चॅसिसवर एकीकडे आणि कपॅसिटर दुसरीकडे जोडला की चार्जिंगचे धक्के चॅसिसमधून धावतात आणि पहिल्या व्हॉल्व्हला ऐकू येतात.

इनपुट जॅकपासून ग्रिडपर्यंत शिल्डेड वायर, शिल्ड एकाच टोकाला ग्राउंड. ६८ किलोओहम जॅकवर नको, सॉकेटच्या पिनलगत. ग्रिडची आणि प्लेटची तार एकमेकींना समांतर नेऊ नका. ओलांडायचीच असेल तर काटकोनात.

सोल्डर ६०-४० कथिल-शिशाचं. सोल्डर करण्याआधी तार टरेटला वळसा देऊन पकडीने दाबून घट्ट करा, म्हणजे सोल्डर नसतानाही ती हलू नये. आयर्नने आधी टरेट आणि तार तापवा, मग सोल्डर दुसऱ्या बाजूने लावा. तो स्वतःहून पसरत आत खेचला गेला आणि थंड झाल्यावर चमकला, की सांधा झाला. मण्यासारखा गोल, करडा, दाणेदार दिसला तर पुन्हा करा.

फीडबॅकची तार सध्या जोडू नका. का, ते पुढे येईल.

पहिल्यांदा चालू करताना

आपल्याकडच्या वायरमनकडे सिरीज लॅम्प असतो, तोच इथे हवा. ६० वॉटचा साधा फिलॅमेंटचा बल्ब फेजमध्ये सिरीजला. एलईडी चालणार नाही. कुठे शॉर्ट असेल तर बल्ब भरून पेटतो आणि ट्रान्सफॉर्मर वाचतो.

आधी एकही व्हॉल्व्ह न घालता. बल्ब क्षणभर चमकून मंदावला पाहिजे. ५वाय३ च्या पिन ४ आणि ६ वर प्रत्येकी ३०० पेक्षा थोडं जास्त एसी, हीटरवर साडेसहाच्या आसपास.

बंद करा. मग १२एएक्स७ आणि ६व्ही६ घाला, ५वाय३ नको. हाय व्होल्टेज नसताना दोन्ही व्हॉल्व्ह तांबूस उजळतात का ते पाहा.

पुन्हा बंद. स्पीकर जोडा. व्हॉल्व्हचा अ‍ॅम्प स्पीकरशिवाय वाजवला तर आउटपुट ट्रान्सफॉर्मर आतून फुटू शकतो. व्हॉल्यूम शून्य, ५वाय३ घाला, चालू करा. पहिल्या फिल्टरवर व्होल्टेज चढताना बघा. बल्ब मंद राहिला, वास नाही, धूर नाही, ६व्ही६ ची प्लेट लाल झालेली नाही, तर दोन मिनिटांनी बंद करून बल्ब काढा आणि थेट मेनवर लावा.

दहा मिनिटं तापू द्या आणि मोजा. माझ्या ३०० व्होल्टच्या ट्रान्सफॉर्मरवर साधारण असं येतं: ६व्ही६ ची प्लेट ३२५, स्क्रीन २८५, कॅथोड १८. १२एएक्स७ च्या टप्प्यावर २४५ ते २५०, त्याच्या दोन्ही प्लेटवर १६० च्या आसपास, कॅथोडवर १.३. दहा टक्के इकडेतिकडे चालेल.

६व्ही६ वरचा भार काढायचा हिशेब करून टाका. १८ भागिले ४७० म्हणजे ३८ मिलिअँपिअर. त्यातले दोन-अडीच स्क्रीनचे, उरले ३६ प्लेटचे. प्लेट आणि कॅथोडमधला फरक ३०७ व्होल्ट. गुणाकार ११ वॉट. जुन्या पद्धतीने ६व्ही६ ची मर्यादा १२ वॉट धरतात. १३-१४ च्या पुढे गेलात तर ४७० च्या जागी ५६० ओहम लावा.

हीटर ५.७ ते ६.९ च्या मधे हवा. जास्त असेल तर ट्रान्सफॉर्मरचा २५० चा टॅप वापरा.

फीडबॅकची तार आणि माझ्या तीन संध्याकाळी

पहिला चॅम्प बांधला तेव्हा मी ही तार इतर सगळ्यांसोबत जोडून मोकळा झालो होतो. चालू केल्यावर वीस सेकंदांनी स्पीकरमधून ट्रकच्या हॉर्नसारखा आवाज आला, आणि व्हॉल्यूम शून्यावर असूनही तो थांबेना. मी सोल्डर तपासले, व्हॉल्व्ह बदलले, अर्धी वायरिंग पुन्हा केली. तीन संध्याकाळी गेल्या. कारण एवढंच होतं की आउटपुट ट्रान्सफॉर्मरच्या सेकंडरीच्या दोन तारा उलट होत्या. परत येणारा सिग्नल मूळ सिग्नलमधून वजा होण्याऐवजी त्यात मिळत होता.

म्हणून आधी फीडबॅकशिवाय वाजवा. मग अ‍ॅम्प बंद करा, तार जोडा, पुन्हा चालू करा. आवाज थोडा कमी झाला आणि जरा आवळल्यासारखा वाटला तर बरोबर. ओरडला तर लगेच बंद करून सेकंडरीच्या दोन तारांची अदलाबदल करा.

हम ओळखायचा कसा

हे गिटार वाजवणाऱ्याला इतरांपेक्षा सोपं आहे. सहाव्या तारेचा तिसरा पडदा, म्हणजे खालचा जी, ९८ हर्ट्झचा. अ‍ॅम्पचा हम त्याच्या अगदी जवळ, किंचित वर लागत असेल तर तो १०० हर्ट्झचा आहे. म्हणजे फिल्टर किंवा ग्राउंडचा दोष. त्याहून एक सप्तक खाली, जाड आणि मऊ असेल तर ५० हर्ट्झचा, म्हणजे हीटरच्या तारा किंवा ट्रान्सफॉर्मरची जागा. १२एएक्स७ काढल्यावर हम गेला तर दोष त्याच्या बाजूला, राहिला तर ६व्ही६ किंवा पॉवरच्या बाजूला.

खरखर येत असेल तर अ‍ॅम्प चालू असताना कोरड्या बांबूच्या काडीने एकेक सांधा हलकेच दाबून पाहा. काडी लांब हवी आणि दुसरा हात खिशातच. कुठेतरी 'खर्र' होतं, तो कच्चा सांधा. व्हॉल्व्हवर काडी आपटल्यावर घंटेसारखं वाजलं तर व्हॉल्व्ह मायक्रोफोनिक. थोडं वाजणं चालतं, घुमत राहणं नाही.

आवाज आपलासा करणं

इथून पुढे बुटीक सुरू होतं. मूळ ५एफ१ मध्ये पहिल्या कॅथोडला कपॅसिटर नाही. हिशेबाने त्या टप्प्याचं गेन (सिग्नल किती पट वाढतो ते) ३२ च्या आसपास येतं. तिथे २५ मायक्रोफॅरड लावला तर साधारण ६२, म्हणजे जवळजवळ दुप्पट. सिंगल कॉइल पिकअपच्या गिटारला हे छान लागतं, हमबकरला (दुहेरी कॉइलच्या पिकअपला) चिखल होतो. २५ ऐवजी ०.६८ लावून पाहा. फक्त वरचे सूर उचलले जातात, खालचे आहेत तसेच राहतात. माझ्या अ‍ॅम्पमध्ये ०.६८ छोट्या स्विचवर आहे आणि तो बहुतेक वेळ चालूच असतो.

फीडबॅकही स्विचवर घ्या. बंद केला की अ‍ॅम्प लवकर फाटतो आणि बोटाचा जोर जास्त उघडपणे ऐकू येतो.

पण सगळ्यात मोठा फरक स्पीकरने पडतो. मूळ चॅम्पचा आठ इंची स्पीकर गोड आहे, पण छोटा. हाच अ‍ॅम्प बारा इंची, ९७ डेसिबल किंवा जास्त संवेदनशील गिटार स्पीकरला जोडून ऐका. पाच वॉटमध्ये एक मीटरवर १०४ डेसिबलच्या आसपास जातं. फ्लॅटमध्ये हे भरपूर आहे, रात्री दहानंतर तर नक्कीच. होम थिएटरचा वूफर लावू नका. त्याला गिटारचा मधला पट्टा गातच येत नाही.

पेटीसाठी पाइनची फळी. पॅकिंगच्या लाकडात चांगल्या फळ्या सापडतात. गाठी टाळून निवडा आणि सुताराकडून कोपरे बोटांच्या सांध्याने जोडून घ्या. मागची बाजू अर्धी उघडी ठेवा, व्हॉल्व्हना हवा लागते. मात्र चॅसिसच्या उघड्या तळापर्यंत कोणाचं बोट पोचणार नाही अशी पट्टी लावा. घरात लहान मुलं असतील तर जाळीच लावा.

शेवटी एका कागदावर सर्किट काढा, त्यावर प्रत्येक ठिकाणी तुम्ही मोजलेलं व्होल्टेज, त्या दिवशीचं मेन व्होल्टेज आणि तारीख लिहा, आणि पेटीच्या आतल्या बाजूला चिकटवून टाका. जुन्या रेडिओच्या मागच्या पुठ्ठ्यावर व्हॉल्व्हचा नकाशा असायचा ना, तसा. दहा वर्षांनी हा अ‍ॅम्प दुसऱ्या कोणाच्या टेबलावर उघडला जाईल, तेव्हा त्याला पहिला आकडा त्या कागदावर मिळेल.